सुंदरम्मांची करडगी

वैष्णवी नर्स नाही. हे ती आधीच सांगून टाकते, कारण मोहोळकडच्या तिच्या गावात सगळे तिला नर्सबाईच म्हणतात. ती सुट्टीला गेली की कुणी बीपीची चिठ्ठी घेऊन येतं, तर कुणी म्हशीचं दुखणंसुद्धा विचारतं. सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात, आयसीयूत, ती पेशंट केअर टेक्निशियन आहे. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सोनाबाईंनी, हे काय काम असतं ते विचारलं होतं.

"डॉक्टर औषध सांगतात, सिस्टर औषध देतात, आणि बाकीचं सगळं आम्ही करतो," वैष्णवी म्हणाली.

"बाकीचं म्हंजी?"

"आंघोळ घालायची, तोंड पुसायचं, कूस बदलायची, पाठीला चट्टे पडू द्यायचे नाहीत, शी-शू काढायची."

"लोकाची?"

"लोकांचीच की. आपल्या घरचं कुणी तिथं नसू दे म्हणजे झालं."

सोनाबाईंनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराच्या नळावर साबणाची वेगळी वडी आणून ठेवली, एवढंच. वैष्णवीला त्याचा राग आला नाही. ती कामावरून आली की तशीही आधी आंघोळच करायची. पुढं पुढं सोनाबाईच शेजारणींना सांगायला लागल्या, "आमची सून मानसांना आंगूळ घालून घालून जित्ती करती बगा." वैष्णवी म्हणायची, "आत्या, जिवंत करणारा वेगळा आहे, मी फक्त आंघोळ घालते." पण मनातून बरं वाटायचं.

कामाला लागताना तिची एक सवय होती, अजून आहे. पेशंट शुद्धीत असो नसो, हात लावायच्या आधी ती सांगते. "काका, आता डाव्या कुशीवर वळवते हं." "आजी, पाणी कोमट आहे, घाबरू नका." नवीन मुली हसतात, ऐकतंय कोण म्हणून. वैष्णवी म्हणते, देवाला हाक मारतो तेव्हा तो ओ देतो का? तरी मारतोच ना.

एवढी सांगून-सवरून काम करणारी बाई, तिच्या हातून सुंदरम्मांच्या बाबतीत चूक झाली, ती न विचारता केलेल्या कामाचीच.

सुंदरम्मा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या. न्यूमोनिया इतका वाढला होता की आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मुलगा शिवयोगी पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेला. व्हेंटिलेटरची नळी घालायची, गळ्याच्या शिरेत मोठी सुई घालायची, आणि हे सगळं ताबडतोब. निंबाळकर डॉक्टर हातमोजे घालून उभे. "गळ्यातलं काढा पटकन."

वैष्णवीने कानातल्या कुड्या काढल्या, पाटल्या काढल्या, बोरमाळ काढली. गळ्यात एक जाड दोरा होता, त्याला अंड्याएवढी चांदीची डबी. दोरा घामाने भिजून गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तिने कात्री घेतली आणि दोरा कापला. डबी बाकी दागिन्यांबरोबर पिशवीत गेली, पिशवीला चिकटपट्टी लागली, आणि बाहेर येऊन तिने ती शिवयोगीच्या हातात दिली.

तिला माहीत नव्हतं असं नाही. लिंगायत माणसं गळ्यात आपला देव बांधतात, त्या चांदीच्या डबीला करडगी म्हणतात, तिच्यात इष्टलिंग असतं, आणि ते जन्मभर अंगावेगळं करत नाहीत, हे सोलापुरात राहणाऱ्या कुणाला माहीत नाही? पण त्या घाईत तिच्या नजरेला चांदी दिसली आणि देव दिसला नाही. नंतर काम इतकं अंगावर पडलं की पुन्हा विचारच आला नाही.

सुंदरम्मा पुष्कळ दिवस झोपेच्या औषधावर होत्या. वैष्णवी रोज त्यांचं अंग पुसायची, वेणी घालायची, पायांना तेल लावायची. "अव्वा" म्हणायची, म्हणजे कानडीत आई, कारण राजेश्वरी सिस्टर म्हाताऱ्या पेशंटना तसंच म्हणायच्या. राजेश्वरी सिस्टरही लिंगायतच, घरात कानडी बोलणाऱ्या, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. पण त्या आठवड्यांत त्यांची ड्युटी पलीकडच्या बाजूला होती.

मग एका शनिवारी सकाळी व्हेंटिलेटरची नळी निघाली. असा दिवस आयसीयूत सणासारखा असतो. डॉक्टरसुद्धा दोनदा येऊन बघून जातात. सुंदरम्मांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून नाकातली, अन्न घालायची नळीही स्वतःच ओढून काढली.

"असू दे," डॉक्टर म्हणाले. "आता तोंडाने चालू करू. चमच्याने पाणी द्या, ठसका लागतो का बघा. गिळायला लागल्या तर नळीची गरज नाही."

वैष्णवीने पलंग उंच केला, उशा लावल्या, चमचा ओठांशी नेला. सुंदरम्मांनी तोंड फिरवलं. "ब्याड," म्हणाल्या. घसा इतका बसलेला की नुसती हवा आली. ब्याड म्हणजे नको, एवढं कानडी वैष्णवीला येत होतं.

थोड्या वेळाने पुन्हा नेला. पुन्हा ब्याड. चहा देऊ का विचारलं, ब्याड. डोळे मात्र स्वच्छ होते. उजवा हात सारखा छातीवर जायचा, चाचपायचा, मग डावा तळवा वर करून त्या समोर धरायच्या, काहीतरी मागितल्यासारखा. वैष्णवीने त्या तळव्यावर घंटेचं बटण ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं. रुमाल ठेवला, तोही सारला. चष्मा असेल म्हणून चष्मा आणून ठेवला, तर त्यांनी वैष्णवीकडे अशा नजरेने पाहिलं की काय ही पोरगी.

डॉक्टर म्हणाले, "आयसीयूत राहून पेशंट जरा गोंधळतात. होईल हळूहळू. पण संध्याकाळपर्यंत काही घेतलं नाही तर नाकात नळी परत घालावी लागेल, आणि ओढू नये म्हणून हात बांधावे लागतील. या अंगात ताकद राहिलेली नाही, उपाशी ठेवून चालणार नाही."

हात बांधायचं काम वैष्णवीचंच असतं. मऊ पट्ट्यांनी बांधतात, पण बांधणं ते बांधणंच. शुद्धीत आलेल्या माणसाचे हात बांधायचे म्हटलं की ती आधी दुसरा काही उपाय आहे का ते शोधते.

दुपारी राजेश्वरी सिस्टर या बाजूला आल्या. पलंगापाशी थबकल्या. सुंदरम्मांचा डावा तळवा तसाच वर होता.

"वैष्णवी, यांचं लिंग कुठंय?"

वैष्णवीच्या हातात गरम पाण्याचं भांडं होतं. तिने ते खाली ठेवलं. कात्रीचा आवाजसुद्धा तिला आठवला.

"मी काढलं, सिस्टर. दोरा कापून. दागिन्यांत दिलं."

राजेश्वरी सिस्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "म्हणजे पूजा झाल्याशिवाय ही बाई पाण्याचा थेंब घेणार नाही. माझी आजी अशीच होती. चल, मुलाला बोलाव."

शिवयोगी बाहेर बाकड्यावरच होता. ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "मी ते पुडकं उघडलंच नाही हो. गावचं घर बंद, एवढं सोनं घेऊन कुठं फिरू, म्हणून अक्कलकोटच्या बँकेत आमचा लॉकर आहे, त्यात तसंच्या तसं टाकलं. अव्वाचं लिंग मी लॉकरात टाकलं?"

"आता जाऊन आणता येईल की," वैष्णवी म्हणाली.

"आज दुसरा शनिवार आहे, ताई."

"आणि उद्या रविवार," राजेश्वरी सिस्टर म्हणाल्या. "देवालाही बँकेची सुट्टी लागली म्हणायची."

शिवयोगीने ओळखीपाळखीने बँकेच्या साहेबांना फोन लावून पाहिला. साहेब चांगले बोलले, पण सोमवारी सकाळीच या म्हणाले; नियम म्हणजे नियम.

आता आत जाऊन सांगायला हवं होतं. मुलगा म्हणाला मी सांगतो, सिस्टर म्हणाल्या मी कानडीत सांगते. वैष्णवी म्हणाली, "कापला मी, सांगतेही मीच. तुम्ही फक्त कानडी करा."

ती पलंगाच्या कडेला वाकली. "अव्वा, तुमचा देव मी काढला. गळ्यात सुई घालायची होती, घाई होती, दोरा सुटेना, मी कापला. विचारलं नाही. देव सुखरूप आहे, बँकेत आहे, सोमवारी येईल. चूक माझी आहे."

राजेश्वरी सिस्टरनी ते सांगितलं. सुंदरम्मांनी एकच विचारलं.

"खाली पडलं का, विचारतायत," सिस्टर म्हणाल्या.

"नाही, अव्वा. माझ्या हातातून पिशवीत, पिशवीतून तुमच्या मुलाच्या हातात. जमिनीला लागलं नाही."

सुंदरम्मांनी डोळे मिटले, आणि इतका वेळ वर धरलेला तो हात पहिल्यांदा अंथरुणावर टेकला. पण चमचा नेला तेव्हा उत्तर तेच, ब्याड.

निंबाळकर डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा वैष्णवीला बोलणी खायची तयारी ठेवावी लागली. ती मिळालीही, थोडक्यात. मग डॉक्टर बराच वेळ सुंदरम्मांचे कागद बघत उभे राहिले. "सलाईनवर सोमवार दुपारपर्यंत काढू शकतो," ते म्हणाले. "पण साखर नीट राहिली पाहिजे आणि लघवी कमी होता कामा नये. कमी झाली तर मी देवासाठी थांबणार नाही, नळी घालीन. हे आजींनाही सांगा."

आजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, कबूल.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर वैष्णवीने आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला, सोनाबाईंना आणि नवऱ्याला, सयाजीला, वाढलं, आणि स्वतः पाणी पिऊन उठली.

"का गं? आज कसला उपास? एकादस न्हाय, चतुर्थी न्हाय."

वैष्णवीने सांगितलं. सोनाबाईंनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. "मंग त्या बाईनं सांगितलं व्हय तुला, उपाशी ऱ्हा म्हनून?"

"नाही."

"डाक्टरनं?"

"नाही हो आत्या."

"देवानं येऊन सांगितलं?"

"नाही."

"मंग तुझी तूच शानी." पण त्या रात्री त्यांनी कढईतली भाजी झाकून ठेवली, आणि झोपायच्या आधी देवापाशी जाऊन बसल्या. काय पुटपुटल्या ते तिने विचारलं नाही.

रविवारची पाळी वैष्णवीचीच होती. येताना रिक्षातून तिने सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. एरवी ती फार काही मागत नाही; मागणाऱ्यांची रांग आयसीयूच्या दारातच एवढी मोठी असते. त्या दिवशी तिने मागितलं की लघवी कमी होऊ देऊ नकोस. हे ऐकून देवाला हसू आलं असेल, पण तिला दुसरं काय हवं होतं? पलंगाला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीवर सगळं येऊन थांबलं होतं. सकाळी प्रमाण ठीक होतं. दुपारी जरा खाली आलं. तिने पिशवी पुन्हा पाहिली, नळीला कुठं पीळ बसलाय का बघितलं, सरळ केली. सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी डॉक्टरांना फोन केला, सलाईनचा वेग थोडा वाढवला. डॉक्टर म्हणाले, आणखी उतरली तर मला लगेच कळवा.

त्याच गडबडीत वैष्णवीला जरा गरगरल्यासारखं झालं. तिने पलंगाचा कठडा धरला. राजेश्वरी सिस्टरच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काय खाल्लंस सकाळी?"

"काही नाही."

"आणि काल?"

वैष्णवी सलाईनकडे वळली. सिस्टरना कळायला वेळ लागला नाही. त्या सरळ पलंगापाशी गेल्या आणि कानडीत सुंदरम्मांना सगळं सांगून मोकळ्या झाल्या. सुंदरम्मांनी वैष्णवीला बोटाने जवळ बोलावलं. राग आला होता हे बसलेल्या घशातूनही कळत होतं. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "नेम माझा. पोट तुझं. माझा नेम तुझ्या पोटावर कशाला?"

"चूक माझी आहे ना, अव्वा. तुम्ही खाल्लंत की मी खाते."

"मी झोपून. तू उभी. मला उचलणार कोण? पाडशील मला." मग जरा थांबून, दम घेऊन, "जा. ऊटा माडु."

"जेव म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या. "जा, नाहीतर आता दोन पेशंट होतील आणि माझ्याकडे एकही पलंग रिकामा नाही."

वैष्णवी कँटीनमध्ये गेली. पहिला घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं, ते भुकेने की कशाने तिचं तिलाच माहीत. चपाती आणि शेंगाचटणी खाऊन परत आली तर सुंदरम्मांनी हात पुढे केला, तिची बोटं धरली आणि नाकाशी नेली. जेवली का खोटं सांगते, ते बघायला.

"सॅनिटायझर लावलाय, अव्वा, चटणीचा वास कसा येणार?"

सुंदरम्मांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि बोटं सोडली. विश्वास बसला असावा. ओठांच्या कडेला थोडं हसू होतं, आणि वैष्णवीला वाटलं, नळी निघाल्यापासून ही बाई पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी पिशवीत लघवी पुन्हा नीट यायला लागली. वैष्णवीने ती रिकामी करताना मनात देवाचं नाव घेतलं. त्या जागी नाव घ्यावं की नाही, हा विचार तिने केला नाही. जिथं कृपा झाली तिथंच आभार मानायचे.

सोमवारी बँकेचं शटर वर जायच्या आधीपासून शिवयोगी तिथं उभा होता. तिथून सोलापूर गाठून तो आयसीयूच्या दारात आला तेव्हा घामाने डबडबला होता, आणि पुडकं त्याने छातीशी धरलं होतं. वाटेत नवा दोराही घेतला होता.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पडदा लावा, थोडक्यात आटपा. शिवयोगीने हात धुऊन करडगी उघडली. आतलं इष्टलिंग काळंभोर, तुकतुकीत, बोराएवढं. सुंदरम्मांनी डावा तळवा पुढे केला. त्यांनी ते डोळ्यांना लावलं, पण तळव्यावर ठेवलं आणि हात थरथरायला लागला. इतक्या दिवसांच्या अंथरुणाने दंडात काही उरलं नव्हतं. मुलाने पाण्याची वाटी धरली होती, भस्म धरलं होतं, त्याचे दोन्ही हात अडकलेले. तळवा कलंडायला लागला.

वैष्णवी पलंगाच्या या बाजूला उभी होती. तिचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. सकाळपासून त्या हातांनी काय काय काढलं होतं, काय काय पुसलं होतं. धुतले होते, तीनदा तरी धुतले होते. तरी थांबला.

"अव्वा, मी खालून धरलं तर चालेल?"

सुंदरम्मांनी वर पाहिलंच नाही. त्यांची नजर तळव्यावर होती. "ह्याच हातानं मला रोज आंघोळ घातली की," त्या म्हणाल्या. "धर."

तिने धरलं. वर देव, देवाखाली सुंदरम्मांचा तळवा, आणि त्याच्याखाली तिचा. पाणी घातलं तसं ते सुंदरम्मांच्या बोटांतून झिरपून तिच्या मनगटावर आलं. भस्म लावलं, एक बेलाचं पान वाहिलं. सुंदरम्मांचे ओठ हलत होते. वैष्णवीला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिने आपलं मोहोळच्या नागनाथाचं नाव घेतलं. आयुष्यात पुष्कळ देवळांत ती गेली आहे, पण इतक्या जवळून कधी कुणाची पूजा तिने पाहिली नव्हती, आणि पूजेत तिचा हात कुणी घेतला नव्हता.

मग करडगीला नवा दोरा बांधला. गळ्याला सुईची पट्टी अजून होती, म्हणून सुंदरम्मांच्याच सांगण्यावरून दंडाला बांधला. वैष्णवीने गाठ स्वतः तपासली, सैलही नको आणि काचायलाही नको.

पडदा बाजूला झाला. डॉक्टर आले. पलंग उंच केला, हनुवटी जरा खाली, चमचाभर पाणी. सुंदरम्मांनी पाणी तोंडात धरलं, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. डॉक्टर कान देऊन थांबले. ठसका नाही.

"काहीतरी बोला, आजी."

घशात पाणी राहिलं की आवाज ओला येतो, म्हणून तसं बोलायला लावतात. सुंदरम्मांनी वैष्णवीकडे पाहिलं. "अजून दे," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता, पण कोरडा होता.

डॉक्टर म्हणाले, "द्या." आणि जाता जाता वैष्णवीच्या खांद्यावर हलकेच कागदाची गुंडाळी मारून गेले. डॉक्टरांच्या बाजूने ते प्रकरण तिथं मिटलं.

चार-पाच दिवसांनी सुंदरम्मा वॉर्डात गेल्या. जाताना चाकाच्या खुर्चीतून त्यांनी हात वर करून वैष्णवीच्या डोक्यावर ठेवला, आणि शिवयोगीला म्हणाल्या की या मुलीला गावाला आण, हुरड्याला. त्याने हो म्हटलं. आणेल की नाही देव जाणे, म्हणतात सगळेच. वैष्णवीला त्याचं काही नाही. तिला जे मिळायचं ते मिळालं होतं. घरी सोनाबाईंना तिने सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवानं हात धरला गं तुजा." वैष्णवी म्हणाली, "आत्या, मी त्याचा धरला होता." मग दोघी हसल्या.

सुंदरम्मांच्या खाटेवर नवीन चादर घालून होते न होते तोच दुसरा पेशंट आला होता. बेगम पेठेतला एक रिक्षावाला, छातीत कळ आलेली. दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत. मशीनच्या पट्ट्या लावायच्या होत्या, सिस्टर घाई करत होत्या. वैष्णवी दारापर्यंत धावत गेली आणि त्याच्या बायकोला विचारलं, "भाभी, ये ताईत निकालना पडेगा. कहाँ रखूँ, तुम बोलो."

बाईने पदर तोंडाशी धरला होता. क्षणभर तिला कळेचना की हिला आत्ता हे का सुचतंय. मग म्हणाली, "तकिये के नीचे रखो ना. सर के पास."

"जमीन पे नहीं गिरेगा, मैं देखती," वैष्णवी म्हणाली आणि आत गेली.